मावा आणि त्याच्या अंगातील पिढीजात सोबती

थंडी वाढली आणि आभाळ दोन दिवस ढगाळ राहिले की करडईच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा दिसू लागतो. प्रथम बांधालगतच्या चार-दोन झाडांवर असलेली ही कीड थोड्याच दिवसांत शेताच्या मध्यापर्यंत पोहोचते. पाने चिकट होतात, त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते, शेंडे सुकतात व बोंडे भरत नाहीत. रब्बी ज्वारीच्या शेतातही असाच प्रकार घडतो आणि शेतकरी ‘चिकटा पडला’ असे म्हणतो. फवारणी होते, मावा काही दिवस हटतो व पुनः दिसू लागतो. टाचणीच्या डोक्याएवढा हा मऊ किडा. त्याला ना दात, ना नांगी, ना धड पळता येते. असे असता तो एवढ्या झपाट्याने कसा वाढतो, हा प्रश्न पुष्कळांना पडतो.

त्याचे एक उत्तर माव्याच्या अंगातच आहे. मावा एकटा नसतो. त्याच्या शरीरात एका विशिष्ट जातीचे जिवाणू कोट्यवधी वर्षांपासून वस्ती करून आहेत. ते आईकडून लेकीला मिळतात व लेकीकडून नातीला जातात. या जिवाणूंवाचून मावा वाढू शकत नाही आणि माव्यावाचून हे जिवाणू जगू शकत नाहीत. या दोघांचा संसार कसा जमला व त्याने दोघांनाही कसे बदलून टाकले, हे समजले म्हणजे शेतातील काही नेहमीच्या गोष्टींचा उलगडा होतो. युरिया जास्त पडलेल्या पिकावर मावा का बोकाळतो, उन्हाची ताप लागताच त्याचा जोर का ओसरतो, एका शेतात मित्रकीटक मावा संपवितात तर दुसऱ्या शेतात त्यांचे काही चालत नाही असे का होते, हे प्रश्न त्यांपैकीच होत.

रस गोड, पण निकस

झाडाच्या अंगात दोन प्रकारच्या वाहिन्या असतात. एका वाहिनीतून मुळांनी शोषलेले पाणी व क्षार वर चढतात. दुसरीतून पानांनी तयार केलेले अन्न शेंड्यांकडे, दाण्यांकडे व मुळांकडे जाते. मावा आपली केसासारखी बारीक सोंड या दुसऱ्या वाहिनीत खुपसून बसतो. या रसात साखर विपुल असते. मात्र शरीर बांधणारी प्रथिने ज्यांपासून होतात ती अमिनो आम्ले फारच थोडी असतात आणि जी असतात ती बहुतेक हलक्या मोलाची असतात. प्राण्यांना सुमारे २० प्रकारची अमिनो आम्ले लागतात. त्यांपैकी १० त्यांना स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळावी लागतात. झाडाच्या रसात नेमका या दहांचाच तुटवडा असतो. तान्ह्या मुलाला नुसत्या उसाच्या रसावर वाढविण्याचा प्रयत्न केला तर जे होईल, तेच माव्याचे व्हावयास हवे. प्रत्यक्षात तो दहा-बारा दिवसांत पूर्ण वाढतो व रोज नवी पिले घालू लागतो.

ही उणीव जिवाणू भरून काढतात. माव्याच्या पोटाच्या पोकळीत काही मोठ्या पेशी असतात. त्यांना जिवाणूधारक पेशी म्हणतात. अन्ननलिकेशी त्यांचा संबंध नसतो. ती वेगळीच कोठारे होत. प्रत्येक पेशीत वाटोळे जिवाणू दाटीवाटीने भरलेले असतात. मावा त्यांना साखर व हलकी अमिनो आम्ले पुरवितो आणि जिवाणू त्यांपासून दुर्मिळ अशी दहा आम्ले घडवून परत करतात. एवढेच नव्हे, तर माव्याच्या शरीरातील टाकाऊ अमोनियाचाही नत्र म्हणून पुनः उपयोग केला जातो. ज्या घरात शेण, मूत्र, काडीकचरा काहीच वाया जात नाही, अशा काटकसरी घराचा हा कारभार आहे. वाया जाते ती फक्त साखर. नत्राच्या थोड्याशा कणासाठी माव्याला पुष्कळ रस ओढावा लागतो व जास्तीची साखर मागून टाकून द्यावी लागते. पानांवर पडणारा चिकटा तो हाच. त्याच्या लोभाने मुंग्या माव्याभोवती जमतात व माव्याचे शत्रू जवळ आले तर त्यांना हुसकावून लावतात.

येथे एक भेद सांगितला पाहिजे. हरभऱ्यावरील घाटे अळी किंवा कपाशीवरील बोंडअळी पाने, फुले व दाणे कुरतडून खाते. तिला अन्नातूनच प्रथिने मिळतात. म्हणून अशा अळ्यांना या प्रकारच्या सोबत्याची गरज पडलेली नाही. केवळ वाहिन्यांतील रसावर जगणाऱ्या मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण अशा किडींत मात्र तो हटकून सापडतो. कपाशीवरील हिरवे तुडतुडे याच नियमाची दुसरी बाजू दाखवितात. तुडतुड्यांच्या बऱ्याच जातींत दोन-दोन प्रकारचे जुने जिवाणू असतात. परंतु कपाशीचे तुडतुडे ज्या उपकुळातील आहेत, ते मुख्यतः पानाच्या पेशी फोडून त्यांतील सकस रस शोषते आणि त्या उपकुळात ही जुनी जोडी आढळत नाही. अन्न सुधारले, तेव्हा गड्याची गरज उरली नाही.

आईकडून लेकीला

या सोबत्याचा शोध हळूहळू लागला. इंग्रज शास्त्रज्ञ हक्सले याने १८५८ साली माव्याच्या शरीरातील या पिवळट पेशीपुंजाचे वर्णन केले. पण तो कशासाठी आहे हे त्या वेळी कळले नव्हते. १९१० साली इटलीतील पिएरान्तोनी व बोहेमियातील शुल्त्स या दोघांनी स्वतंत्रपणे असे दाखविले की, पेशींत भरलेले कण म्हणजे माव्याचा अंश नसून वेगळे सूक्ष्मजीव आहेत. जर्मन जीवशास्त्रज्ञ पॉल बुख्नर याने आपले सारे आयुष्य अशा जोड्या शोधण्यात घालविले; त्याचा या विषयावरील मोठा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या गौरवार्थ माव्यातील जिवाणूला १९९१ साली बुख्नेरा हे नाव देण्यात आले.

घरोघरी आई आपल्या विरजणातील चमचाभर दही लेकीच्या घरी देते आणि त्याच विरजणावर दोन्ही घरांचे दही चालू राहते. माव्यातील जिवाणूंचे हस्तांतर असेच होते. आपल्याकडील उबदार हवेत माव्याच्या माद्या नराशिवायच पिले घालतात व ती पिले सर्व माद्याच असतात. मादीच्या पोटात गर्भ वाढत असतानाच तिच्या जिवाणूधारक पेशीतून काही जिवाणू बाहेर पडतात व शेजारच्या कोवळ्या गर्भात शिरतात. त्या गर्भाच्या पोटात पुढच्या पिढीचा गर्भही आकार घेऊ लागलेला असतो. म्हणजे आजीच्या अंगात लेक आणि लेकीच्या अंगात नात अशी उतरंड असते. माव्याची वाढ एवढी झपाट्याने होण्याचे हे दुसरे कारण होय.

शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठी शेतकऱ्यांना परिचित आहेत. त्या गाठींतही जिवाणू असतात व ते पिकाला नत्र देतात. परंतु तेथे प्रत्येक रोपाला आपले जिवाणू जमिनीतून नव्याने मिळवावे लागतात. म्हणून तर पेरणीपूर्वी बियाण्यास जिवाणू संवर्धक चोळावे लागते. माव्याचे जिवाणू जमिनीत, पाण्यात वा हवेत कोठेही स्वतंत्रपणे राहत नाहीत. ते फक्त वारशाने मिळतात. हा फरक लहान वाटला तरी पुढील सर्व गोष्टी त्यातूनच निघाल्या आहेत.

प्रयोगशाळेत माव्याला प्रतिजैविक औषध देऊन त्याच्या अंगातील जिवाणू मारता येतात. असा मावा लगेच मरत नाही. तो खुरटतो, त्याला पिले होत नाहीत किंवा फार थोडी होतात. त्यावरून सोबत्याची किंमत कळून येते.

दोन वंशावळी

नाशिक किंवा त्र्यंबकेश्वर येथे क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत यजमान घराण्यांच्या अनेक पिढ्यांची नोंद असते. यजमानाचे भाऊ विभक्त होऊन दोन गावी गेले, उपाध्यायाच्या मुलांनीही यजमान वाटून घेतले आणि हे अनेक पिढ्या चालले, तर काही शतकांनी यजमानांची वंशावळ व उपाध्यायांची वंशावळ शेजारी ठेवून पाहिल्यास फांदीला फांदी जुळेल. मावा व बुख्नेरा यांची वंशावळ अशीच जुळते. माव्याच्या निरनिराळ्या जाती घेऊन त्यांचे परस्परनाते ठरविले व त्यांच्या जिवाणूंचे नाते जनुकांवरून स्वतंत्रपणे ठरविले, तर दोन्ही झाडे एकमेकांवर बसतात. याचा अर्थ असा की, एका मूळ माव्याने एकदाच हा जिवाणू घरात घेतला आणि त्यानंतर त्या घराण्याच्या जेवढ्या शाखा झाल्या, तेवढ्याच शाखा जिवाणूच्याही झाल्या. दगडांत सापडणाऱ्या जुन्या माव्यांच्या अवशेषांचा आधार घेऊन १९९३ साली अमेरिकेतील नॅन्सी मोरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा संबंध १६ ते २८ कोटी वर्षांपूर्वी जुळला असावा असा हिशेब मांडला. दख्खनचा काळा पत्थर ज्या ज्वालामुखींतून बाहेर पडला, ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे होत. मावा व त्याचा सोबती त्यापूर्वीपासून एकत्र आहेत.

इतका दीर्घ सहवास झाल्यावर जिवाणूत काय उरले? २००० साली जपानी शास्त्रज्ञांनी वाटाण्यावरील माव्यातील बुख्नेराचा सारा जनुकसंच वाचून काढला. आतड्यात राहणारा इ. कोलाय नावाचा जिवाणू हा बुख्नेराचा दूरचा भाऊबंद आहे. त्याच्या जनुकसंचात सुमारे ४६ लाख अक्षरे व चार हजारांवर जनुके असतात. बुख्नेरात अक्षरे सुमारे ६ लाख ४० हजार व प्रथिनांची जनुके ५८३ एवढीच निघाली. घरात सर्व काही आयते मिळत असल्याने स्वतःचे संरक्षण, स्वतंत्र अन्नशोध, बाहेरची आवरणे घडविणे यांची जनुके निकामी होत गेली व गळून पडली. माव्याला लागणारी अमिनो आम्ले घडविण्याची जनुके मात्र टिकून राहिली. ज्या माव्याच्या जिवाणूत तीही गळाली, त्या माव्याचा वंशच चालला नाही.

या जोडीचे काम किती गुंतले आहे याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. ल्युसिन, आयसोल्युसिन व व्हॅलिन ही तीन अमिनो आम्ले बुख्नेरा बनवितो, परंतु अखेरची पायरी तो पुरी करू शकत नाही. त्या पायरीचे जनुक त्याच्याकडे नाही. ती पायरी मावा स्वतःच्या जनुकाने पुरी करतो. सूत एकाच्या घरी कातावे व शेवटचा पीळ दुसऱ्याच्या घरी द्यावा, असा हा प्रकार आहे.

वतनाचा तोटा

पिढीजात वतनाला सुरक्षितता असते, तशी घसरणही असते. दरवर्षी शेतातील चारच कणसांचे बी राखले व बाहेरचे बी कधीच मिसळले नाही, तर काही वर्षांत वाण खालावतो. एखाद्या कणसात दोष असेल तर तो पुढच्या साऱ्या पिकात उतरतो. माव्याची आई प्रत्येक गर्भाला थोडेच जिवाणू देते आणि त्यांना बाहेरच्या जिवाणूंशी जनुकांची देवाणघेवाण करता येत नाही. त्यामुळे लहानसहान बिघाड साठत जातात व दुरुस्त होत नाहीत. बुख्नेराची कित्येक प्रथिने कच्ची झालेली आहेत. ती सांभाळून धरण्यासाठी एक टेकू देणारे प्रथिन तो मोठ्या प्रमाणावर तयार करतो. जुन्या वाड्याच्या भिंतींना जागोजाग लाकडे लावून ठेवावी, तशी ही स्थिती आहे.

या कमकुवतपणाचा प्रत्यय उष्णतेत येतो. २००७ साली अमेरिकेत वाटाण्यावरील माव्यावर केलेला प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. काही माव्यांच्या बुख्नेरात उष्णतेपासून बचाव करणाऱ्या एका जनुकाच्या आरंभी एकच अक्षर गळालेले होते. अशा माव्यांना लहानपणी केवळ ४ तास ३५ अंश सेल्सिअस तापमानात ठेवले, तर मोठेपणी त्यांना पिले जवळजवळ झालीच नाहीत. अक्षर शाबूत असलेल्या माव्यांना पिले झाली. मात्र थंड हवेत पारडे उलटे फिरले. अक्षर गळालेले मावे लवकर व अधिक पिले घालू लागले. म्हणूनच हा दोष समूळ नाहीसा झालेला नाही. थंडीत त्याचा फायदाच होतो. पुढे २०१५ साली उष्णता न सोसणाऱ्या माव्याच्या अंगातील जिवाणू काढून तेथे उष्णता सोसणाऱ्या माव्याचे जिवाणू बसविण्यात आले, तेव्हा तो मावाही उष्णता सोसू लागला. उष्णता सहन करण्याची ताकद किडीच्या नव्हे, तिच्या सोबत्याच्या हाती होती.

करडईच्या माव्याला हे ४ तास व ३५ अंश जसेच्या तसे लावू नयेत. जात वेगळी, हवा वेगळी. तथापि थंड व ढगाळ हवेत मावा का फोफावतो आणि माघ सरून ऊन तापू लागताच त्याचा जोर का ओसरतो, या प्रश्नाच्या उत्तरात या नाजूक सोबत्याचाही वाटा आहे, हे ध्यानात ठेवावे.

घसरण फार झाली म्हणजे काही किडींनी दुसरा गडी ठेवला आहे. अमेरिकेतील एका तुडतुड्याच्या अंगात दोन जिवाणू असतात. एक आठ अमिनो आम्ले करतो व दुसरा उरलेली दोन. त्या दुसऱ्याचा जनुकसंच अवघा १ लाख १२ हजार अक्षरांचा आहे. लिंबूवर्गीय झाडांवरील पिठ्या ढेकणात तर त्याहून चमत्कारिक रचना आहे. तेथे एका जिवाणूच्या पोटात दुसरा जिवाणू राहतो, हे २००१ साली दिसून आले. बाहेरच्या जिवाणूत सुमारे १२० प्रथिनांचीच जनुके उरली आहेत. त्यामुळे एकेका आम्लाची घडण बाहेरचा जिवाणू, आतला जिवाणू व ढेकूण अशी तिघांत फिरते.

बाहेरून आलेले मदतनीस

आतापर्यंत सांगितलेला सोबती हा घरचा कायमचा माणूस होय. याखेरीज काही जिवाणू माव्यांच्या काही घराण्यांत असतात व काहींत नसतात. तेही आईकडूनच येतात; पण त्यांच्यावाचून मावा अडत नाही. त्यांचे काम वेगळे असते आणि शेतकऱ्याला त्यांच्याशी अधिक जवळचा संबंध येतो.

माव्याच्या अंगात अंडे घालणारी एक चिमुकली गांधीलमाशी असते. तिची अळी माव्याला आतून खाते. मावा फुगून तपकिरी, कागदासारखा कोरडा होतो. त्याला ‘ममी’ म्हणतात. ममीच्या पाठीला गोल भोक पाडून नवी गांधीलमाशी बाहेर पडते. कोबी व मोहरीच्या पानांमागे अशा ममी पुष्कळदा दिसतात. २००३ साली वाटाण्यावरील माव्यात असे आढळले की, ज्या माव्यांत हॅमिल्टोनेला नावाचा जिवाणू होता, त्यांच्या अंगातील गांधीलमाशीच्या बऱ्याच अळ्या वाढण्यापूर्वीच मेल्या. पुढे २००९ साली याचे मूळही सापडले. हॅमिल्टोनेलाला ग्रासणारा एक विषाणू आहे आणि अळीला घातक ठरणारी विषे त्या विषाणूच्या जनुकांत आहेत. विषाणू हरवला तर संरक्षणही हरवते. म्हणजे माव्यात जिवाणू, जिवाणूत विषाणू व त्या विषाणूच्या बळावर माव्याचा बचाव, अशी ही साखळी आहे. दुसरा एक जिवाणू, रेजिएला, माव्याला मारणाऱ्या बुरशीपासून त्याचे रक्षण करतो, हे २००५ साली दाखविले गेले.

पण अशा राखणदाराला पोसावे लागते. पिंजऱ्यांत मावे वाढवून गांधीलमाश्या सोडल्या, तेव्हा काही पिढ्यांत हॅमिल्टोनेला असलेल्या माव्यांचे प्रमाण वाढले. गांधीलमाश्या नसलेल्या पिंजऱ्यांत ते घटले. चोरीची भीती असली की राखणदार परवडतो, नसली की त्याचे जेवण जड होते. मित्रकीटक आणि कीड यांच्यातील ओढाताण ही अशी सतत चालू असते व तिचा निकाल प्रत्येक हंगामात सारखाच लागेल असे नाही. म्हणून केवळ एका जातीच्या मित्रकीटकावर सारा भरवसा ठेवू नये. ढाल किडे, सिरफिड माशीच्या अळ्या व क्रायसोपाच्या अळ्या माव्याला बाहेरून धरून खातात. माव्याच्या अंगात वाढणाऱ्या गांधीलमाशीविरुद्ध उपयोगी पडणारे हे विष त्यांना आवर घालीत नाही. शेतात या सर्वांचा मेळ असणे इष्ट होय.

असे जिवाणू किती वेगाने पसरू शकतात, याचा दाखला अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील कपाशीवरील पांढऱ्या माशीने दिला. तेथे रिकेट्सिया नावाचा जिवाणू २००० साली १ टक्का माश्यांत होता. २००६ पर्यंत तो ९७ टक्के माश्यांत पोहोचला. तो असलेल्या माश्यांना अधिक पिले होत, त्यांतील अधिक पिले जगत व त्यांत माद्यांचे प्रमाण जास्त असे. जो जिवाणू फक्त आईकडून जातो, त्याला लेकी वाढण्यातच लाभ असतो, हे यावरून स्पष्ट होते. शेतकऱ्याच्या डोळ्यांना मात्र माशी तीच दिसते.

वारशाने न मिळणाऱ्या सोबत्याचेही एक उदाहरण येथे द्यावयास हवे, कारण त्यात कीटकनाशकांचा प्रश्न गुंतलेला आहे. जपानमध्ये सोयाबीनवर आढळणारा एक शेंगा शोषणारा ढेकूण प्रत्येक पिढीत आपला जिवाणू जमिनीतून घेतो. फेनिट्रोथिऑन हे कीटकनाशक ज्या जमिनीवर वारंवार पडले, तेथे ते पचविणारे जिवाणू वाढले. ढेकणांनी तेच जिवाणू पोटात घेतले आणि त्या कीटकनाशकाला ते दाद देईनासे झाले, हे २०१२ साली सिद्ध झाले. किडीला स्वतः काही बदल करावा लागला नाही; बदल जमिनीत झाला होता. एकच औषध सतत वापरू नये, या सल्ल्याला हे आणखी एक कारण आहे.

शेतात काय करावे

पिकाला नत्र जरुरीपेक्षा जास्त दिले की झाडाच्या रसातील अमिनो आम्लांचे प्रमाण वाढते. माव्याचा व त्याच्या सोबत्याचा मूळचा तुटवडा त्यामुळे कमी होतो आणि दोघांची भरभराट होते. युरियाची जादा गोणी म्हणजे माव्याच्या कोठाराला घातलेली भर होय. माती परीक्षणानुसार नत्राची मात्रा ठरवावी व बागायती पिकात ती विभागून द्यावी. पीक हिरवेगार दिसावे एवढ्यासाठी वरखत देण्याची जी सवय काही ठिकाणी पडली आहे, ती सोडणेच बरे. करडईची पेरणी लांबवू नये; उशिरा पेरलेल्या पिकाची कोवळीक नेमकी माव्याच्या थंडीत सापडते.

जिवाणू मारले की मावा खुरटतो हे वाचून एखाद्याच्या मनात प्रतिजैविक फवारण्याचा विचार येईल. तसे कदापि करू नये. माव्याचे जिवाणू त्याच्या पेशींच्या आत दडलेले असतात. फवाऱ्यातील औषध तेथवर पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही. ते पानांवर व जमिनीवर पडते. तेथील उपयुक्त जिवाणू त्याने मरतात व घातक जिवाणूंना ते औषध सोसण्याची सवय लागते. तीच औषधे उद्या आजारी माणसाला व गोठ्यातील जनावराला लागणार असतात. प्रयोगशाळेत चार माव्यांना मोजून दिलेले औषध आणि एकरभर पिकावर उडविलेले औषध यांची तुलनाच होऊ शकत नाही. कोणी विक्रेता माव्यासाठी असे औषध पुढे करीत असेल, तर गावपातळीवरील कार्यकर्त्याने ही गोष्ट शेतकऱ्याला समजावून सांगावी.

मावा प्रथम कडेच्या झाडांवर येत असल्याने पाहणी तेथूनच सुरू करावी. थोड्याच झाडांवर कीड असेल तर शेंडे खुडून नष्ट करावे व तेवढ्याच पट्ट्यात ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजत घालून सकाळी फडक्याने गाळावी व अर्क १०० लिटर होईल एवढे पाणी घालावे. सरसकट विषारी फवारणी करण्यापूर्वी ममी व ढाल किडे मोजावे. रासायनिक औषध वापरणे भागच पडले, तर कृषि विद्यापीठाच्या चालू शिफारशीतील औषध योग्य मात्रेत घ्यावे व पुढच्या वेळी वेगळ्या गटातील घ्यावे.

मोजणीची रीत सोपी आहे. साधे हातभिंग घ्यावे. शेताच्या चार कडांना दोन-दोन व मध्यावर दोन अशी दहा झाडे निवडून प्रत्येकाच्या शेंड्याचा वीतभर भाग पाहावा. जिवंत मावा, तपकिरी फुगलेल्या ममी आणि भोक पडलेल्या रिकाम्या ममी वेगवेगळ्या मोजून तारखेसह वहीत लिहाव्या. चार दिवसांनी पुनः त्याच झाडांपाशी जावे. ममी वाढत असतील व मावा घटत असेल तर फवारणीचा खर्च वाचतो. ममी जवळजवळ नाहीतच, मावा मात्र वाढतच आहे असे दिसले, तर ढाल किडे व क्रायसोपा किती आहेत ते पाहावे आणि काही ममीसह तो शेंडा कागदी पिशवीत घालून जवळच्या कृषि विज्ञान केंद्रात नेऊन दाखवावा. पिशवी प्लॅस्टिकची घेऊ नये. आत दमटपणा साठून बुरशी येते व ममीतील गांधीलमाशी बाहेर पडण्यापूर्वीच मरते.